संख्याशास्त्राची आकडेमोड आणि ग्राफिक्स कार्ड



वसंत ऋतूतल्या या ज्ञानसत्रात काव्य, इतिहास, अर्थकारण अशा विषयांच्या पंक्तीला आजचा विषय थोडा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवून त्याच्याकडून संख्याशास्त्राची आकडेमोड कशी करून घ्यावी, हा प्रश्न कारागिराचा. त्याचे व्याख्यान कशाला, असे कोणी विचारील. पण पाऊस किती पडेल, पीक किती येईल, एखादे औषध गुणकारी आहे की नाही, विम्याचा हप्ता किती असावा, या सर्व गोष्टी आज ज्या आकडेमोडीवर ठरतात, ती करणारे यंत्र कसे जोडले जाते आणि त्याच्या उत्तरावर विश्वास केव्हा ठेवावा, हे समजून घेणे सुशिक्षित नागरिकाला परके असू नये. शिवाय हे यंत्र आता मोठ्या प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. महाविद्यालयाच्या एखाद्या खोलीत, किंबहुना विद्यार्थ्याच्या घरातल्या टेबलाखालीही ते असते. तेव्हा हा विषय शक्य तितक्या साध्या भाषेत मांडण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

प्रथम हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र लाखो ठिपक्यांचे बनलेले असते, आणि हलत्या चित्रात प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदातून कित्येक वेळा नव्याने ठरवावा लागतो. हिशेब साधाच; पण तोच हिशेब लाखो ठिकाणी एकदम करावयाचा. या कामासाठी संगणकाच्या मुख्य प्रोसेसराहून निराळ्या घडणीचे यंत्र लागले, ते ग्राफिक्स कार्ड. दोहोंतला फरक लग्नघरातल्या स्वयंपाकावरून ध्यानात येईल. मुख्य प्रोसेसर हा कसलेला आचारी आहे. जिलबीचा पाक तोच पाहतो, मठ्ठ्याचे मीठ तोच चाखतो, ऐन वेळी पाहुणे वाढले तर काय करावे हेही तोच ठरवतो. असे आचारी संगणकात चार, आठ, फार तर काही डझन असतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ओळीने पोळपाट मांडून बसलेल्या शेकडो बाया. एकीने "लाटा" म्हटले की साऱ्याजणी एकाच वेळी पोळी लाटतात. प्रत्येकीला निराळे काम सांगू गेलो तर मात्र सगळा घोटाळा होतो. हजार पोळ्या हव्या असतील तर ही ओळ अजोड. एक भाजी फोडणीला टाकायची असेल तर तिचा उपयोग नाही.

संख्याशास्त्रात हजार पोळ्या लाटण्याचे काम फार असते. त्या शास्त्राचे बहुतेक मोठे हिशेब शेवटी आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांवर येऊन ठेपतात. गणितात त्यांना मॅट्रिक्स म्हणतात. आम्ही सोयीसाठी तक्ता असाच शब्द वापरू. दोन तक्त्यांचा गुणाकार म्हणजे असंख्य लहान गुणाकार आणि बेरजा, एकाच साच्याच्या आणि एकमेकींची वाट न पाहणाऱ्या. हे काम कार्डाच्या स्वभावाला जुळते, हे गणित्यांच्या लवकरच ध्यानात आले. परंतु आरंभीच्या काळात कार्डाला चित्रापलीकडची भाषा कळत नसे, म्हणून लोक आपला हिशेब चित्राच्या वेषात त्याच्यापुढे ठेवीत. २००७ साली एनव्हिडिया कंपनीने कूडा नावाची साधने प्रसिद्ध केली; तेव्हापासून चित्राचे सोंग न घेता कार्डाला सरळ हिशेब सांगता येऊ लागला.

आता या कामातल्या तीन पक्षांची ओळख करून घेऊ, कारण पुढच्या अडचणी त्यांच्या स्वभावभेदातून निघतात. पहिला पक्ष लिनक्स. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकत असताना लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली त्याची सुरुवात केली. संगणकाचे सर्व भाग चालविणाऱ्या या मूळ यंत्रणेला कर्नल म्हणतात. तिचा मजकूर खुला आहे. तो कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्यास द्यावा. दुसरा पक्ष आर ही संख्याशास्त्राची भाषा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन अध्यापकांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत ती घडविली, आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तीही खुली. तिसरा पक्ष कार्ड. त्याची बहुतेक सामग्री एका खासगी कंपनीची आहे, तिची आतली रचना झाकलेली, आणि तिच्या आवृत्त्या कंपनीच्या सोयीने निघणार. दोन दारे सताड उघडी असलेल्या घराला तिसरे दार कुलपाचे लावावे, तसे हे जोडकाम आहे. ते होत नाही असे नाही. पण किल्ली कोणाकडे आहे, हे विसरून चालत नाही.

जोडणीला प्रारंभ करताना प्रथम यंत्रात कार्ड कोणते आहे ते पाहावे. लिनक्समध्ये एलएसपीसीआय नावाची आज्ञा आहे. ती संगणकात बसविलेल्या भागांची नावे सांगते. कार्ड ओळखले म्हणजे त्याचा ड्रायव्हर पाहावयाचा. ड्रायव्हर हा कर्नल आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. लिनक्सबरोबर नूव्हो नावाचा खुला दुभाषा येतो. कंपनीच्या साहाय्यावाचून, कार्डाच्या वागण्याचे निरीक्षण करून स्वयंसेवकांनी तो सिद्ध केला, ही मोठी कौतुकाची गोष्ट आहे. पडद्यावर चित्र उमटविण्यास तो पुरतो. परंतु कूडाची भाषा त्याला येत नाही. म्हणून आकडेमोडीसाठी त्याला बाजूस सारून कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. येथे एक पथ्य पाळावे: कंपनीच्या संकेतस्थळावरून सुटी फाइल उतरवून ती हाताने बसविण्यापेक्षा, डेबियन, उबंटू वा आपण वापरत असाल त्या वितरणाच्या भांडारातूनच ड्रायव्हर घ्यावा. म्हणजे पुढे दुरुस्त्या होताना सर्व भाग एकमेकांस धरून चालतात.

यानंतर नवशिक्याला बुचकळ्यात टाकणाऱ्या दोन गोष्टी येतात. ड्रायव्हरचा एक भाग कर्नलच्या आत बसतो, आणि तो त्या विशिष्ट कर्नलच्या मापाचाच असावा लागतो. लिनक्समध्ये सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांमुळे कर्नल वारंवार नवा होतो. कर्नल नवा आणि ड्रायव्हर जुन्या मापाचा, अशी स्थिती झाली की काल चालणारे कार्ड आज सकाळी मुके होते. यावर डीकेएमएस नावाची योजना आहे. नवा कर्नल आला की ती ड्रायव्हर नव्या मापाने पुन्हा बेतून देते. मात्र बेतण्यासाठी कर्नलची मापे, म्हणजे त्याच्या हेडर फाइली, संगणकात असाव्या लागतात. त्या नसतील तर शिंपी आहे पण टेप नाही, अशी गत होते. दुसरी गोष्ट सिक्युअर बूट या पहाऱ्याची. तो चालू असेल तर सहीशिक्क्यावाचून कोणताही ड्रायव्हर कर्नलमध्ये शिरू शकत नाही. घरी बेतलेल्या ड्रायव्हरवर स्वतःचा शिक्का उठवून, संगणक पुन्हा सुरू होताना येणाऱ्या पडद्यावर तो शिक्का मान्य असल्याचे सांगावे लागते. तो पडदा न वाचता पुढे गेलेल्या माणसाला नंतर ड्रायव्हर बसवूनही कार्ड का चालत नाही हे कळत नाही.

ड्रायव्हर बसला की एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा द्यावी. कार्डाचे नाव, तपमान, स्मृती किती आणि त्यातली किती व्यापली आहे, असा छोटा तक्ता पडद्यावर येतो. हा तक्ता दिसला की पहिला दुवा जोडला गेला. पण त्याच तक्त्यात कूडाच्या आवृत्तीचा एक आकडा असतो आणि तो पाहून पुष्कळांचा गैरसमज होतो. तो आकडा आपल्या संगणकात कूडा बसलेले आहे असे सांगत नाही. हा ड्रायव्हर कूडाच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत पोचू शकतो, एवढेच तो सांगतो. कूडाची अवजारांची पेटी निराळी आणावी लागते. तिचा नियम असा की नवा ड्रायव्हर जुनी पेटी चालवितो. जुना ड्रायव्हर नवी पेटी साधारणपणे चालवीत नाही. शिवाय त्या पेटीला संगणकातला सी भाषेचा कंपायलरही ठराविक आवृत्तीपर्यंतचाच चालतो. म्हणजे कार्ड, ड्रायव्हर, कर्नल, पेटी, कंपायलर अशी पाच कड्यांची साखळी झाली. सहावी कडी आर भाषेची, आणि तिच्याकडेच आता वळावयाचे आहे.

आर भाषा तक्त्यांचा गुणाकार स्वतः करीत नाही. ती ब्लास नावाच्या हिशेबनिसाकडे ते काम सोपविते. १९७९ साली ब्लासचे पहिले नियम प्रसिद्ध झाले आणि आज शास्त्रीय आकडेमोडीचा बहुतेक डोलारा त्याच्यावर उभा आहे. या हिशेबनिसाचे कामाचे बोलावणे ठरलेल्या शब्दांत असते. त्यामुळे त्या जागी दुसरा हिशेबनीस बसविला तरी आरला त्याचा पत्ता लागत नाही. एनव्हिडियाच्या पेटीत एनव्हीब्लास नावाची एक योजना आहे ती याच सोयीचा फायदा घेते. आर सुरू करताना एलडी-प्रीलोड या सूचनेने तिला आधी उभे केले की मोठ्या तक्त्यांची बोलावणी ती मधल्या मध्ये उचलते आणि कार्डाकडे धाडते. जी कामे तिच्या आवाक्यातली नाहीत ती मूळ हिशेबनिसाकडे जातात. तो मूळ हिशेबनीस कोण, हे एका लहानशा फाइलीत लिहून ठेवावे लागते. दुसरा मार्ग टॉर्च या जोडपुस्तिकेचा. आर भाषेसाठी ती २०२० सालापासून मिळते. तिच्यात तक्ता कार्डावर न्या, हिशेब करा, परत आणा, असे आपणच स्पष्ट सांगतो. यापूर्वी जीपीयूटूल्स, जीपीयूआर अशा पुस्तिका होत्या; त्या आरच्या मुख्य भांडारातून आता बाहेर पडल्या आहेत. जुन्या लेखांत त्यांची नावे आढळतील, पण नव्या कामाचा पाया त्यांच्यावर घालू नये.

श्रोतेहो, येथवर आम्ही जे सांगितले ते धीर धरून कोणीही करू शकेल. खरी दक्षता पुढे आहे. या साखळीचा एक मोठा दोष असा की ती तुटली तरी बहुधा आवाज होत नाही. गिरणीचा पट्टा तुटला तर गिरणी बंद पडते आणि सगळ्यांना कळते. येथे कार्ड सापडले नाही तर हिशेब थांबतोच असे नाही. तो गुपचूप मुख्य प्रोसेसरावर होतो. उत्तर येते, तेही बरोबर येते, फक्त ज्या कार्डासाठी पैसे मोजले ते शेजारी स्वस्थ बसलेले असते. म्हणून प्रत्येक कडीची स्वतंत्र परीक्षा घ्यावी. आरमध्ये सेशन-इन्फो ही आज्ञा कोणता हिशेबनीस कामावर आहे त्याचा पत्ता देते. एनव्हीब्लास आपली रोजनिशी लिहिते. तिला तशी सूचना दिली तर कोणते बोलावणे तिने उचलले याची नोंद त्या रोजनिशीत पाहता येते. टॉर्चला कार्ड दिसते की नाही हे एका प्रश्नाने कळते. आणि सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे एका खिडकीत मोठा गुणाकार सुरू करून दुसऱ्या खिडकीत एनव्हिडिया-एसएमआयचा तक्ता पाहत राहणे. कार्डाची स्मृती भरली, काम वाढले, तपमान चढले, तर ते खरोखर राबते आहे. डोळ्यांनी पाहिल्यावाचून ते राबते आहे असे मानू नये.

कार्ड राबू लागले म्हणजे प्रत्येक काम वेगाने होईल काय? याचे उत्तर थोडे गणित मांडल्यास मिळेल. पाच हजार ओळी व पाच हजार स्तंभ यांचा एक तक्ता घ्या. त्यात अडीच कोटी आकडे झाले. आर प्रत्येक आकड्याला आठ बाइट जागा देते. म्हणजे एका तक्त्याला वीस कोटी बाइट लागतात. दोन तक्ते कार्डाकडे न्यायचे आणि उत्तराचा तिसरा परत आणायचा, म्हणजे साठ कोटी बाइटांची ने-आण. कार्ड आणि संगणक यांच्यामधला रस्ता सेकंदाला सुमारे सोळाशे कोटी बाइटांचा असेल तर या वाहतुकीस सेकंदाचा पंचविसावा हिस्सा लागेल. आता या दोन तक्त्यांची नुसती बेरीज करावयाची असेल तर हिशेब अडीच कोटीच. तो मुख्य प्रोसेसर जागच्या जागी तेवढ्याच अवधीत उरकून मोकळा होतो. पीठ घरी, पोळपाट मांडवात, आणि मधे अरुंद बोळ. दहा पोळ्यांसाठी परात घेऊन बोळातून कोण जाईल? परंतु तक्त्यांचा गुणाकार करावयाचा असेल तर उत्तरातल्या प्रत्येक आकड्यास पाच हजार गुणाकार आणि तितक्याच बेरजा लागतात. एकूण पंचवीस हजार कोटी क्रिया झाल्या. वाहतूक तीच, काम दहा हजारपट. येथे बोळातून परात नेणे सार्थकी लागते. तेव्हा कार्डाचा उपयोग ठरतो तो नेलेल्या प्रत्येक आकड्यामागे किती काम करून घ्यायचे आहे, त्यावर.

याच न्यायाने एक आश्चर्याची गोष्ट सांगतो. आर वापरणारा माणूस दररोज जे साधन हाती घेतो, ते रेषीय प्रतिगमनाचे एलएम, त्याला एनव्हीब्लासपासून म्हणण्यासारखा लाभ होत नाही. कारण ते साधन लिनपॅक नावाच्या जुन्या पद्धतीने, एकेका स्तंभावर लहान लहान क्रिया करीत पुढे जाते. आणि एनव्हीब्लास उचलते ती फक्त अखंड तक्त्यांची मोठी कामे. ज्याचे सारे काम काही हजार ओळींच्या नमुन्यावर प्रतिगमन करण्याचे आहे, त्याने कार्ड घेऊ नये. त्याचा पैसाही वाचेल आणि मनस्तापही.

आता कार्डाची दुसरी बाजू पाहू. आमच्या मते आजच्या विषयातली ती सर्वांत महत्त्वाची बाब आहे. संगणक आकडा दोन प्रकारे लिहितो. एक आखूड वही, तिच्यात सुमारे सात अंक मावतात. दुसरी लांब वही, तिच्यात पंधरा-सोळा. आर भाषा आपले अपूर्णांकांचे सर्व हिशेब लांब वहीत करते. चित्राच्या ठिपक्याला सात अंक पुरून उरतात. म्हणून ग्राफिक्स कार्ड घडविणाऱ्यांनी आखूड वहीवर सारा भर दिला. २०२१ साली बाजारात आलेले जीफोर्स आरटीएक्स ३०६० हे घरगुती वापराचे कार्ड घ्या. त्यात ३५८४ लहान गणकयंत्रे आहेत आणि आखूड वहीत ते सेकंदाला सुमारे साडेबारा लाख कोटी क्रिया करू शकते. मात्र लांब वहीत त्याचा वेग याच्या चौसष्टाव्या हिश्शावर येतो. म्हणजे सुमारे वीस हजार कोटी. उलट आठ कोअरचा आजचा चांगला मुख्य प्रोसेसर पाहा. प्रत्येक कोअर एका ठोक्यात लांब वहीच्या सोळा क्रिया करतो आणि सेकंदाला साडेतीनशे कोटी ठोके पडतात असे धरले, तर त्याची कमाल मर्यादा चव्वेचाळीस हजार आठशे कोटी क्रियांची होते. म्हणजे लांब वहीच्या शर्यतीत घरचा आचारीच त्या ओळीच्या पुढे जातो! मात्र त्यासाठी त्याला हिशेबनीस चांगला मिळाला पाहिजे. आरबरोबर येणारा मूळ ब्लास सर्व कोअर कामाला लावीत नाही. ओपनब्लास नावाचा खुला हिशेबनीस त्यांना कामाला लावतो, आणि डेबियन वा उबंटूमध्ये हा बदल एका आज्ञेचे काम आहे. म्हणून आमचा सल्ला असा की कार्ड विकत घेण्यापूर्वी ओपनब्लास बसवून पाहावे. कित्येकांची गरज तेथेच भागेल, आणि तीही एक पैसा न मोजता. प्रयोगशाळांसाठी घडविलेल्या कार्डांत लांब वहीचा वेग आखूड वहीच्या निम्मा असतो. पण ती कार्डे सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाहीत.

कोणी म्हणेल, सात अंक काय थोडे आहेत? आखूड वहीच का वापरू नये? याचे उत्तर एका उदाहरणाने देतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ भरली. समजा, एखाद्या यंत्राने आखूड वहीत एकेक माणूस मिळवीत ही गणती चालविली. १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ या आकड्यापर्यंत ती बिनचूक चालेल. तेथे पोचल्यावर एक मिळविला की वहीत नवा आकडा मावत नाही, आणि तोच आकडा पुन्हा लिहिला जातो. पुढे उरलेली साडेनऊ कोटी माणसे एकेक करून दारातून आत गेली तरी गणती तसूभर हलणार नाही. आणि यंत्र काही चुकले असे म्हणणारही नाही. अपुऱ्या वहीचा दोष असा असतो. टॉर्चसारखी साधने आरमधले लांब वहीचे आकडे आपण वेगळे सांगितले नाही तर आखूड वहीत उतरवून घेतात, हे येथे आवर्जून ध्यानात ठेवावे. यंत्राला शिकविण्याच्या कित्येक कामांत, जेथे उत्तर थोडे इकडे तिकडे झाले तरी चालते, तेथे आखूड वही योग्यच आहे. मात्र दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी जेथे करावयाची, किंवा ज्या तक्त्याचे स्तंभ एकमेकांशी फार मिळतेजुळते आहेत, तेथे लांब वहीचाच आग्रह धरावा.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. शाळेत आपण शिकलो की बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर एकच येते. मोजक्या अंकांच्या वहीत हा नियम पूर्ण पाळला जात नाही. सात अंकांच्या वहीत दहा लाख लिहा, त्यात दशांश चार मिळवा. वहीत दहा लाखच राहतील. पुन्हा दशांश चार मिळवा. तरी दहा लाखच. मात्र आधी ते दोन दशांश चार एकत्र करून दशांश आठ केले आणि मग मिळविले, तर वहीत दहा लाख एक लिहिले जाईल. कार्डावर हजारो हात एकदम बेरीज करतात आणि त्यांचा क्रम एकामागून एक चालणाऱ्या बेरजेहून निराळा असतो. म्हणून कार्डाचे उत्तर आणि प्रोसेसराचे उत्तर शेवटच्या काही अंकांत भिन्न आले तर भिऊ नये. तो फरक केवढा असावा याचा अंदाज मात्र आधी बांधावा, आणि तेवढाच आहे की नाही ते पाहावे. एक लहान हिशेब, ज्याचे उत्तर आपल्याला कागदावर ठाऊक आहे, तो दोन्ही ठिकाणी करून ताडून पाहिल्याशिवाय मोठ्या हिशेबाला हात घालू नये.

मग कार्ड कोणी घ्यावे? ज्याच्या कामात फार मोठ्या तक्त्यांचे गुणाकार पुन्हा पुन्हा येतात, तक्ते एकदा कार्डावर नेले की बराच वेळ तेथेच राहून राबतात, आणि आखूड वही पुरते हे ज्याने तपासून घेतले आहे, त्याने अवश्य घ्यावे. ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ साली मांडलेली बूटस्ट्रॅपची रीत पाहा. हाती असलेल्या नमुन्यातूनच हजारो वेळा पुन्हा पुन्हा नमुने काढावयाचे आणि उत्तर किती डळमळते ते पाहावयाचे, अशी ती रीत. प्रत्येक फेरी दुसरीहून स्वतंत्र. अशी कामे पुष्कळ हातांत वाटून देण्यासारखी असतात. परंतु तेथेही आधी प्रोसेसराचे सर्व कोअर कामास लावून पाहावे, आणि वेळ मोजावा. घड्याळ हातात घेतल्याखेरीज वेगाविषयी बोलू नये.

आता किल्लीच्या प्रश्नाकडे वळून आम्ही आटोपते घेतो. कूडा एका कंपनीचे आहे आणि ते त्याच कंपनीच्या कार्डांवर चालते. २०१२ साली आलेल्या केप्लर पिढीच्या कार्डांना कूडाच्या बाराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ सालापासून, आधार उरला नाही. ती कार्डे मोडली नव्हती. नवी पेटी त्यांना ओळखीनाशी झाली, इतकेच. त्याच २०२२ साली कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला. ही स्वागतार्ह गोष्ट आहे, पण वरची अवजारे अद्याप झाकलेलीच आहेत. ओपनसीएल हा अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालणारा मार्ग आहे. एएमडी कंपनीची आरओसीएम ही बव्हंशी खुली योजना २०१६ सालापासून आहे. मात्र तिला आधार असलेली कार्डे मोजकी आहेत. ज्याला निवड करता येईल त्याने वेगाबरोबर ही गोष्टही तराजूत घालावी.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, कारण बाहेरून महासंगणक हवा तसा मिळेना. १९९१ साली तिने परम ८००० उभा केला. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नाही तर अनेक लहान प्रोसेसर जोडून त्यांच्याकडून मिळून काम करून घ्यावे, हे त्याचे मर्म. आणि पोळपाटांच्या ओळीचे मर्मही तेच आहे. त्याच संस्थेच्या २०२० सालच्या परम सिद्धि-एआय या महासंगणकात एनव्हिडियाचीच कार्डे आहेत. याचा विषाद मानण्याचे कारण नाही. उसने अवजार वापरण्यात कमीपणा नसतो. ते उसने आहे हे ठाऊक असावे, आणि आपला हिशेब त्याच्यावाचून अडणार नाही अशी तजवीज असावी. आरमध्ये लिहिलेला आपला हिशेब कार्डाशिवायही, सावकाश का होईना, चालला पाहिजे. कोणत्या आवृत्त्यांवर तो केला ते एका कागदावर लिहून ठेवले पाहिजे, म्हणजे दहा वर्षांनी दुसरा कोणी तो पडताळून पाहू शकेल.

श्रोतेहो, वेग ही विकत मिळणारी वस्तू आहे. खात्री विकत मिळत नाही. ती कडी कडी तपासून, ज्ञात उत्तराशी ताडून, घड्याळ लावून आपली आपण मिळवावी लागते. ज्याच्या आकडेमोडीवर दुसऱ्याचे पीक, दुसऱ्याचे औषध, दुसऱ्याचा हप्ता ठरणार आहे, त्याला तर ही मेहनत टाळण्याचा अधिकारच नाही. आणि आपल्यापैकी जे ही आकडेमोड करणार नाहीत, त्यांनी निदान एक प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. यंत्राने असे सांगितले, असे कोणी आपल्या तोंडावर फेकले, तर शांतपणे विचारावे, "ते ताडून कोणी पाहिले?" हा प्रश्न विचारण्यासाठी कार्ड लागत नाही आणि लिनक्सही लागत नाही.